फडक्याचा एक किलो

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमचं दहा एकर वावर आहे, कापूस आणि तूर. आमच्या चर्चच्या मंडळीत मी महिला मंडळाची खजिनदार आहे, रविवारच्या दानाचा हिशेबही माझ्याकडेच असतो. त्यात पाच रुपयांचा फरक आला तरी मला झोप लागत नाही. पण वावरातलं एक सांगते. वेचणीला आमच्याकडे नऊ बाया येतात. यंदा किलोला बारा रुपये दर होता, अठरा दिवस वेचणी चालली. दुपारी एकदा आणि सांजेला एकदा, अशी दोनदा गाठोडी मोजतो. यजमान काटा धरतात, मी वही लिहिते. प्रत्येक गाठोड्यामागे 'फडक्याचा एक किलो' कापायचा, ही सासऱ्यांपासूनची रीत. दिवाळीनंतर एकदा मी सहज फडकं काट्याला लावून पाहिलं, तर पाव किलो भरलं. यजमानांना म्हटलं, तर ते म्हणाले, बाकीचं दवाचं. सगळं शिवार असंच मोजतं. जिनिंगवर आपल्या मालात कट्टी, कपात होते ती कोण भरून देतं? आम्ही बायांना दोन वेळा चहा देतो, नाताळाला प्रत्येकीला तीनशेची साडी देतो, त्या खूश आहेत. पण प्रभुभोजनात भाकर घ्यायच्या आधी पाळक म्हणतात, स्वतःची परीक्षा करा. तेव्हा मला जावेशी झालेलं भांडण आठवतं, चुकलेली प्रार्थना आठवते, आणि हे फडकं मी बाजूला सारते. गेल्या महिन्यात सारता आलं नाही. मी भाकर घेतली नाही. सगळ्यांनी विचारलं तर डोकं दुखतं म्हटलं. देवाजवळ मी रडून कबुली दिली आहे. तेवढ्यानं भागत नाही का? माझे स्वतःचे बचत गटात चार हजार जमलेत.
एक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पेन घेऊन बसलो, कारण पत्रात आकडे होते आणि माझा बाप मापारी होता. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनंच घ्यायचा, ही राज्यात १९७२ साली सुरू झाली. त्या काळात तो हंगामापुरता एका संकलन केंद्रावर काट्यावर असायचा. आमच्या घरात आकडा दिसला की तो सोडवल्याशिवाय ताट पुढे येत नसे. तेव्हा आधी हिशेबच करू.

फडकं पाव किलोचं, कापता एक किलो. म्हणजे गाठोड्यामागे पाऊण किलो बाईचं राहतं. नऊ बाया, दोन-दोन गाठोडी, रोजचे साडेतेरा किलो. बारानं १६२ रुपये. अठरा दिवसांचे २,९१६. एका बाईच्या वाट्याला ३२४ येतात. साडी तीनशेची. म्हणजे साडी देऊनही प्रत्येकीचे चोवीस रुपये तुमच्याकडेच आहेत, आणि 'मालकीण मोठ्या मनाची' हे कानावर आलं असेल ते वेगळं. रागावू नका. अशी साडी मीही वाटलेली आहे, ते पुढे सांगतो.

दवाचं काय? त्यात खोटं काही नाही, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. पौषातल्या सकाळी पराटीत उतरलं की बाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं, बोंडातला कापूस हाताला गार लागतो, आणि तो ओटीत पडला की जड भरतो. दुपारच्या गाठोड्यात थोडी ओल असेलही. पण जेवणानंतर, उन्हानं करकरीत झालेल्या ओळीतून जो कापूस आला त्यात दव कुठून आलं? तुमच्या घरात दव सांजेलाही तेवढंच पडतं, आणि फडक्यासकट बरोबर एक किलोचं. आपलं मन असंच काम करतं. ते निव्वळ खोटं सहसा पकडत नाही. पाव किलो खरं घेतं आणि त्यावर पाऊण किलो लादतं.

जिनिंगच्या कट्टीचा यजमानांचा राग मला समजतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्याच्या वर गेला की कापूस परत. बंडी जुंपून, रात्र काढून गेलेल्या कास्तकाराला तिथं उभं राहणं म्हणजे काय, हे मी पाहिलं आहे. पण एक विचारा त्यांना. तिथं ते ओल मोजायचं मीटर लावा म्हणून भांडतात की नाही? नुसत्या हातानं चाचपून कोणी 'ओल आहे' म्हटलं तर ऐकून घेतात का? तुमच्या नऊ बायांकडे मीटर नाही. त्यांच्यासाठी यजमानांचा शब्द हाच मीटर आहे.

आता माझी साडी. पहिल्यांदा स्वतंत्र मंडळी सांभाळायला मिळाली तेव्हा माझ्याकडे अकरा खेडी आणि एक सायकल होती. महिन्याला एक छापील तक्ता भरून वर पाठवावा लागे, मधे कार्बन घालून दोन प्रती. उपासना किती, बाप्तिस्मे किती, दान किती, आणि चौथा रकाना 'गृहभेटी'. पहिल्या महिन्यात मी सतरा लिहिल्या. मग जुनी फाईल चाळली, तर माझ्या आधीचे पाळक दर महिन्याला चाळीसच्या वर. दुसऱ्या महिन्यात मी एक्केचाळीस लिहिल्या. अगदीच खोटं नव्हतं ते. बाजारात कोणी भेटलं, 'काय बावा, बरं हाय ना?' एवढं बोललो, की तीही मी गृहभेट धरायचो. ते माझं दव.

एका खेड्यात मंडळीतला एक म्हातारा लकव्यानं पडलेला होता. चौदा किलोमीटर रस्ता, मधे एक नाला. तीन महिने मी त्याचं नाव यादीत लिहिलं, पुढे 'भेट, प्रार्थना'. चौथ्या महिन्यात खरंच गेलो. अंगणात खाट भिंतीला उभी टेकवलेली होती. माणूस जाऊन वीस दिवस झाले होते. शेजारच्या गावच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलावून घरच्यांनी माती दिली होती. आणि त्या महिन्याच्या तक्त्यात मी त्याला भेटून आलेलो होतो.

मी आमच्या वरच्या साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. माणूस भला होता. म्हणाले, तो रकाना सगळेच तसा भरतात, एवढं मनाला लावून घेऊ नका. मला इतकं हलकं वाटलं की परतीच्या एसटीत मी गुणगुणत होतो. तो हलकेपणा दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौदा किलोमीटर. म्हाताऱ्याची लेक ओसरीत ज्वारी पाखडत बसली होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, मी येत नव्हतो आणि आलो असं लिहीत होतो. तिचं सूप थांबलं नाही. म्हणाली, "तुमी येत नव्हते हे आमाले मालूमच होतं, बावाजी. तुमाले आज मालूम झालं काय?"

आता बायबलातलं स्तोत्र १३९ उघडा. पहिल्याच ओवीत तो स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो की तू मला पारखलं आहेस, मला ओळखून आहेस. बसणं, उठणं, जिभेवर न आलेला शब्द, सगळं तुला ठाऊक. आणि शेवटच्या दोन ओव्यांत तोच माणूस विनवतो, देवा, माझी पारख कर. झालेलं काम पुन्हा कशाला मागायचं? मी सेमिनरीत हे स्तोत्र पाठ केलं, त्यावर पेपर लिहिला, आणि हे कधी खटकलंही नाही. ज्वारीच्या सुपापुढे खटकलं. देवाची पारख होऊन गेलेली असते. राहिलेला असतो तो मी, आतून कडी लावून बसलेला. प्रभुभोजनाआधी पाळक जेव्हा म्हणतात की स्वतःची परीक्षा करा, तेव्हा आपण डोळे मिटून काहीतरी नवीन सापडतं का ते चाचपत बसतो. जावेचं भांडण सापडतं, कारण ते कडीच्या बाहेर पडलेलं असतं.

तुमच्या बायांचंही तसंच आहे. वीस-वीस वर्षं कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाईला डोक्यावरच्या गाठोड्याचं वजन कळत नाही, असं तुम्हाला वाटतं? ती गाठोडं काट्याशी आणून टाकते तेव्हाच तिचा अंदाज झालेला असतो. सगळ्या शिवारात तेच, म्हणून ती बोलत नाही. दुसऱ्या वावरात गेली तर तिथंही फडक्याचा किलो आहेच. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते असं लिहिलं आहे, आणि कापणाऱ्यांचा आक्रोश प्रभूच्या कानी गेला, असं त्यापुढे. बाई गप्प आहे, चहा पिते, साडी नेसते, म्हणून ती खूश आहे असं धरू नका.

तुम्ही विचारता, देवाजवळ रडून कबुली दिली, तेवढ्यानं भागत नाही का. तुमचं रडणं मी कमी लेखत नाही. क्षमा मिळण्यासाठी पैसे मोजावे लागतात असंही म्हणत नाही, तसं म्हटलं तर माझा पाळकपणाच गेला. पण ताई, मी साहेबांकडे गेलो होतो तसं हे झालं. ज्याच्याकडे जायला सोपं, तिथं आपण आधी जातो आणि तिथून गुणगुणत परततो. इस्राएलाचा न्याय करणारा संदेष्टा शमुवेल म्हातारा झाला तेव्हा त्यानं काय केलं ते १ शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात पाहा. त्यानं कोपऱ्यात बसून मनाला विचारलं नाही. सगळ्या इस्राएलाला समोर उभं केलं आणि परमेश्वराला साक्षी ठेवून त्यांनाच विचारलं, मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला नाडलं? सांगा, मी भरून देतो. गव्हाच्या कापणीचे दिवस होते, हे त्याच अध्यायात पुढे येतं. म्हणजे वावरातली माणसं वावरातून उठून आलेली होती. त्यांच्यापुढे बैल आणि गाढव म्हणायचं धाडस मोठं आहे. मोघम 'माझं काही चुकलं असेल तर' असं तो म्हणाला नाही.

तुम्ही भाकर घेतली नाही, ते बरोबर की चूक? प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलं आहे की माणसानं स्वतःची परीक्षा करावी, आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करावी आणि घरी जावं, असं लिहिलेलं नाही. न घेण्यानं पाऊण किलो फिटत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो, वेदीपाशी आठवलं तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान दे. त्यात जाणं आहे तसं येणंही आहे. तुम्ही न जाता नुसत्याच थांबलात. पुढच्या प्रभुभोजनाआधी जाऊन या. आणि त्या डोकेदुखीबद्दल ज्या दोघी-तिघींनी काळजीनं विचारलं असेल त्यांनाही सांगून टाका, तेवढंच एक गाठोडं कमी.

करायचं काय, ते सांगतो. मुख्य वेचणी संपली असली तरी फरदडीचा, म्हणजे त्याच झाडांना मागाहून येणारा, कापूस निघणारच असेल. तुमचा काटा हुकाचा, बॅटरीवरचा असेल, हल्ली सगळीकडे तोच लटकतो. त्यावर शून्य करायचं बटण असतं. सकाळी बायांच्या देखत एक रिकामं फडकं हुकाला लावा, बटण दाबा, आकडा शून्यावर आणा. फडकं काढलं की काटा उणे पाव किलो दाखवेल. बस, आता दिवसभर त्यावर नुसत्या कापसाचं वजन येईल, कापाकापीचा प्रश्नच मिटला. मात्र दुपारी काटा बंद करून पुन्हा चालू केला तर फडकं पुन्हा लावायला विसरू नका, नाहीतर पाव किलो तुमच्या अंगावर पडेल. पडलं तर पडू द्या. माझा बाप प्रत्येक कास्तकाराला आधी रिकामा काटा दाखवायचा. फार धार्मिक होता अशातला भाग नाही. न दाखवला तर भांडण व्हायचं आणि घरी पोचायला रात्र व्हायची.

यजमानांना उपदेश करू नका. नवऱ्याला शास्त्र ऐकवणाऱ्या बाईचं शास्त्र नवरा ऐकत नाही, हे मी माझ्या घरावरून सांगतो. काटा त्यांच्या हातात असेल, लेखणी तुमच्या हातात आहे. आकडा जो दिसेल तो लिहा. ते 'सोळा लिही' म्हणतील आणि काट्यावर सतरा असेल, तर सतरा लिहा आणि मोठ्यानं वाचा. एवढंच. पहिल्या दिवशी घरात आवाज चढेल. तुमच्या वाट्याचा प्रामाणिकपणा त्या रकान्याएवढाच आहे. त्यांच्या वाट्याचा तुम्ही भरू शकत नाही.

राहिले मागचे पैसे. मोशेच्या नियमशास्त्रात दोन दर दिसतात. गणनेच्या पाचव्या अध्यायात, अपराध कबूल करणाऱ्यानं मुद्दल भरावं आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. निर्गमाच्या बाविसाव्यात, चोरलेलं मेंढरू कापून खाल्लं किंवा विकलं तर चौपट. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कय जकातदाराला कोणी धरून आणलेलं नव्हतं. तो आपल्या पायानं झाडावरून उतरला आणि आपल्या तोंडानं बोलला. पाचवा हिस्सा देऊन तो सुटला असता. त्यानं स्वतःला चोराचा दर लावला. येशूनं तो मागितलेला नव्हता, हेही लक्षात घ्या. पाचव्या हिश्श्यानं तुमचे होतात ३,४९९ रुपये आणि वीस पैसे. चौपटीनं ११,६६४. मागच्या हंगामांच्या वह्या फडताळात असतील तर त्याही काढा. साडी यात वळती करू नका, ती दिली ती दिली.

आणि आता तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य. बचत गटात चार हजार जमलेत, हे तुम्ही का लिहिलंत? मी विचारलं नव्हतं. प्रश्नाशीही त्याचा संबंध नव्हता. प्रश्न विचारून झाल्यावर, सहीच्या वर, ते वाक्य आपसूक आलं. मला वाटतं, तुमचा हिशेब माझ्या आधीच झालेला आहे. फक्त पैसे काढण्याआधी यजमानांच्या कानावर घाला. त्यांच्या चोरून केलेलं परत देणं नको, घरात आणखी एक फडकं होईल.

प्रश्न : मी अमरावतीला शिकतो, गाव मेळघाटच्या पायथ्याशी आहे. दोन वर्षांपूर्वी तरुणांच्या शिबिरात सांगितलं होतं की रोज रात्री दिवसभराची पापं वहीत लिहून काढा. तेव्हापासून लिहितो, पाच वह्या भरल्या. आता दिवसाही प्रत्येक गोष्ट करताना वही दिसते. एखाद्या मुलीकडे मुद्दाम पाहिलं की ती नुसती नजरेस पडली, यावर कधी कधी दोन पानं होतात. रात्री एक-एक वाजतो. लिहिलं नाही तर खोटा वाटतो, लिहिलं तर वेडा वाटतो.
एक विद्यार्थी

उत्तर : बाळ, तू खोटा नाहीस आणि वेडाही नाहीस. टोबलेली सरकी रोज उकरून पाहणाऱ्या पोरासारखं तुझं झालं आहे. उगवते की नाही याची काळजी खरी आहे, पण त्या उकरण्यानंच ती मरते.

त्या पाचांतली कुठलीही एक वही घे आणि एक काम कर. एका पानावर 'मी' किती वेळा आलं ते मोज, मग दुसऱ्या माणसाचं नाव किती वेळा आलं ते मोज. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करणाऱ्या दोघांचा दाखला आहे, एक परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आणि एक जकातदार. परूशाची प्रार्थना म्हणजे वहीच होती. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, मी असा नाही, मी तसा नाही. तुझी वही त्याच्या उलट, सगळी वजाबाकीची. तरी दोन्हींत माणूस स्वतःकडेच बघत बसला आहे. जकातदाराची प्रार्थना एका ओळीत संपते, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो.

पौलाचं १ करिंथ ४ मधलं बोलणं तुझ्यासारख्यांसाठी आहे असं मला नेहमी वाटतं. तो म्हणतो, मी स्वतःचाही न्याय करत बसत नाही. माझ्या मनाला काही बोचत नाही, पण म्हणून मी निर्दोष ठरलो असंही नाही. न्याय करणारा प्रभू आहे. किती मोकळा माणूस! वर त्याला ढिला म्हणायची सोय नाही, तोच पुढे परीक्षा करून भाकर खा म्हणून सांगतो.

सहावी वही घेऊ नकोस. आजपासून रात्री एकच ओळ. त्या ओळीत एका माणसाचं नाव असलं पाहिजे आणि उद्या करायचं एक काम. 'मेसच्या काकांशी तोडून बोललो, उद्या माफी मागायची', अशी. नाव आठवलं नाही तर प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि दिवा घालवायचा. पहिले काही दिवस हात वळवळेल.

महिन्याभरानंही झोप येत नसेल, तोच विचार नको म्हटलं तरी फिरून फिरून येत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखव. ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. अशा त्रासाला उपचार आहेत, आणि अमरावतीसारख्या शहरात ते मिळतात. ताप आला म्हणून गोळी घेणाऱ्याला आपण अल्पविश्वासी म्हणत नाही. शिबिरातल्या भावानं चांगल्या हेतूनं सांगितलं असेल, पण एकच माप सगळ्यांना लागत नाही. ज्यांची कातडी निबर झाली आहे त्यांनी खरंतर वही घ्यायला हवी. ते काही घेत नाहीत.

प्रश्न : आमच्या मंडळीत तीन वर्षं जमाखर्च वाचून दाखवलेला नाही. बांधकाम निधीत किती जमले, किती गेले, कोणाला माहीत नाही. विचारलं की पंच म्हणतात, विश्वास ठेवा. मी रागानं दोन वर्षं वर्गणी बंद केली आहे. पंचांनी आत्मपरीक्षण करावं, असं तुम्ही आपल्या सदरात ठणकावून लिहा.
एक सभासद, वर्धा जिल्हा

उत्तर : दुसऱ्याच्या वतीनं आत्मपरीक्षण करायची सोय नाही, नाहीतर माझ्या बायकोनं माझं कधीच उरकलं असतं. हिशेब मात्र मागता येतो, आणि तो मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी दान गोळा करून पोचवायचं होतं, तेव्हा पौलानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांच्या ओळखीतले आणखी दोन भाऊ पाठवले, आणि कारणही लिहून ठेवलं. एवढी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये, प्रभूच्या दृष्टीनं तसंच माणसांच्याही दृष्टीनं ते नीट दिसावं. २ करिंथ ८ वाचा. प्रेषितानं 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हटलं असतं तर कोणी नाही म्हटलं असतं? त्यानं म्हटलं नाही. तुमच्या पंचांना हा अध्याय दाखवा, माझं नाव घालू नका.

वार्षिक सभेची सूचना लागली की लेखी अर्ज द्या, दोन सभासदांच्या सह्या घ्या. तीन वर्षांचा जमाखर्च, पावतीपुस्तकं आणि बँकेचं पासबुक सभेपुढे ठेवावं, एवढीच मागणी. कोणावर आरोप लिहू नका. एकही शब्द जास्त लिहिलात तर चर्चा त्या शब्दावर होईल आणि पासबुक कपाटात राहील.

पण त्याआधी दोन वर्षांची वर्गणी भरा. सभेत तुम्ही उभे राहिलात की पहिला प्रश्न तोच येणार आहे, आणि तो बरोबर असेल. भरताना पावती घ्या. पावती देत नसतील तर त्या दिवशी भरू नका, पुढच्या रविवारी पुन्हा जा.